वाईट बातमीच्या मास्तरीणबाई

कॅमेरा बंद ठेवून सहानुभूती शिकायला आलेल्या डॉक्टरला परुळेकरबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "तोंड दाखवायची लाज वाटते, की आंघोळ व्हायचीय?" बाई स्वतः डॉक्टर. निवृत्तीनंतर लालबागच्या घरातून दर बुधवारी आम्हाला ऑनलाइन शिकवत, बरा न होणारा आजार पेशंटला कसा सांगावा ते. आम्ही परळ-माझगावच्या मोठ्या हॉस्पिटलांतले नावाजलेले डॉक्टर. दिवसभर ऑपरेशन करताना हात थरथरत नसत, पण पेशंटने "मी वाचेन ना?" विचारलं की आम्हाला नेमका दुसऱ्या वॉर्डात राउंड असायचा.

सरावाला बाई स्वतःच पेशंट होत. एकदा आमच्या एका सर्जनने घसा खाकरून त्यांना सांगितलं, "आता घरी जाऊन आराम करा. बाकी देवाच्या हातात."

"अरे मेल्या," बाई कडाडल्या, "मरणार आहे मी! तेवढं सोडून सगळं बोललास!"

सर्जनसाहेबांचं नेटवर्क ताबडतोब गेलं. मोठ्या माणसांचं नेटवर्क फार समजूतदार असतं.

"खरं ऐकायचा पहिला हक्क पेशंटचा," बाई बजावत. "काका, मामा, मेहुणे रांगेत मागे!" आम्ही माना डोलवायचो आणि दुसऱ्या दिवशी पेशंटला वगळून मेहुण्यांना केबिनमध्ये बोलवायचो.

मग गेल्या वर्षी बाईंचाच रिपोर्ट माझ्या टेबलावर आला. कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. बाई ॲडमिट होत्या त्या वॉर्डात मी गेलो, तर खोलीच्या दाराशी त्यांचे गिरगावचे धाकटे भाऊ हात जोडून उभे. "डॉक्टर, ताईला काही बोलू नका हं. तिला झेपायचं नाही."

वा! उभ्या मुंबईच्या डॉक्टरांना बाईंनी बडवून काढलं, आणि सख्खा भाऊ कोराच राहिला. मला हसू आलं, पण त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघवेना.

आत गेलो. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"बाई, रिपोर्ट आलाय. बोलूया?"

त्या वळल्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"कळतंय रे मला सगळं," त्या म्हणाल्या. "पण आज नको सांगूस. आज फार भीती वाटतेय."

शिकवलेलं एक वाक्य आठवेल तर शपथ. पायानेच खुर्ची ओढली आणि त्यांचा हात धरून बसून राहिलो.