गुडघा न्हवं, मांडी

मी पडले म्हनून हाड मोडलं न्हाई. हाड मोडलं म्हनून मी पडले. दवाखान्यात समद्यांना हेच सांगत व्हते, पर कुनाला पटंना. पोरगा म्हनला, "आई, फरशी वली आसंल." आता फरशी कुटली? आमच्या कोरेगावच्या घरात तवा शेनानं सारवल्याली जमीन व्हती.

तव्यावनं भाकरी काढली आनि टोपल्यात टाकायला वळले, यवढंच. उजव्या मांडीत कडब्याचं ताट मोडावं तसा आवाज झाला. मंग पाय एकीकडं आनि मी एकीकडं. हातातली भाकरी मातर सोडली न्हाई. सून धावत आली आनि म्हनली, "आत्या, भाकरी द्या आधी हिकडं." सून म्हंजी माज्या भावाचीच लेक. आमच्यात तशी रीत हाय, भावाची लेक सून करून आनायची.

साताऱ्याला नेलं, मांडीत सळई घातली. त्या सालांत असली सळई म्हंजी नवल वाटायचं. मी काय रडले न्हाई. दुखतंय तर दुखतंय, रडून काय जोडलं जातं का? पर खाटंवर पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात शिरली आनि मला चैन पडंना. ती माज्या धाकट्या भनीची.

धाकटी सांगलीत असायची. दादला मागंच गेलेला. हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायची. दिसभर हळदीत बसून तिची नखं तर पिवळी व्हतीच, पर दिवाळीत उटनं लावलं तरी अंगाचा वास जायचा न्हाई. काय वरसांमागं चालता चालता तिच्या पंजाचं हाड चिरलं. त्याच सुमाराला माजं मनगाट मोडलं. तिचा डाक्टर येगळा, माजा येगळा, पर दोगांनी एकच सांगितलं, हाडं ठिसूळ झाल्यात. आनि गोळीबी एकच दिली, तवा ती नवीनच निगाली व्हती. पहाटं उपाशीपोटी पेलाभर पान्यासंगं घ्यायची आनि अर्धा तास आडवं व्हायचं न्हाई. मी म्हनलं, आडवं व्हायला पहाटं येळ कुनाला हाय?

मोडायच्या आधीच्या भाऊबीजंला आमी दोगी भावाकडं जमलो. रातीची भांडी घासता घासता धाकटी म्हनली, "आक्का, माजी मांडी ठनकतीया. दात ठनकावा तशी."

"माजीबी की गं! उजवी."

"माजी डावी. आईनं दागिनं काय दिलं न्हाईत, दुखनं तेवढं वाटून दिलं बग दोगीला."

लय हसलो. मंग वात आसंल म्हनून येकमेकीला बिब्बा घातला. बिब्बा तापवायचा, सुईनं त्याचं त्याल घ्यायचं आनि दुखतंय तितं फुली वडायची. तिनं माज्या मांडीवर वडली, मी तिच्या. कातडी भाजून काळा डाग ऱ्हायला.

साताऱ्याच्या डाक्टरनी हाडाचा फोटू उजेडाला धरून दावला आनि माज्या मांडीवर बोट ठेवलं, "इथं मोडलंय." बोट बरुबर त्या डागावर. तवापास्नं मला झोप न्हाई. माजं डागाखाली मोडलं. तिचाबी डाग तितंच हाय.

घरी आनल्यावर सुनंला एसटीडीवर धाडलं. धाकटीच्या शेजारच्या दुकानात फोन व्हता. सून परत आली. "धाकट्या आत्या म्हनत्यात, गुडघा दुखतोय, डाक्टरनी गुडघ्याचा फोटू काढला, झीज हाय म्हनले. तुमी काळजी करू नगा."

गुडघा आयकलं आनि मी खाटंवर उठून बसले. कारन ही थाप मला ठावं व्हती. मीबी माज्या डाक्टरला गुडघाच सांगितला व्हता. परक्या बाप्याफुडं मांडी कशी म्हनायची? आमच्या बाया कंबर म्हनतील, गुडघा म्हनतील, मांडीचं नाव काढनार न्हाईत. मंग डाक्टर तरी काय करंल, तुमी सांगाल तितलाच फोटू काढनार.

पोरग्याला म्हनलं, "मला सांगलीला ने."

"आई, टाकं वाळू देत आधी."

"टाकं वाळस्तवर तिचा पाय जाईल."

"तुजा पाय मोडला म्हनून काय मावशीचा मोडतोय व्हय? साथ हाय का ही?"

आठ-पंधरा दिस असंच चाललं. भाकरी गोड लागंना. एसटीडीच्या दुकानातनं निरोप आला की वाटायचं, झालं, मोडला तिचा पाय. शेवटाला सूनच म्हनली, "आत्या, तुमी घरात बसून माजं डोकं खाताय त्यापरीस सांगलीला जाऊन त्यांचं खावा. मी नेते."

मिरजंकडं जानारी पॅसिंजर धरली. काखंत कुबड्या, पाय आकडल्याला. गाडी दर ठेसनाला थांबायची. रहिमतपूरला लय येळ उभी ऱ्हायली, दुसऱ्या गाडीला वाट द्यायला म्हनं. मी खिडकीतनं डोकं काढून ओरडले, "आरं सोडा की रं!" समोरची बाई म्हनली, "आवं आजी, सोयरीक मोडतीया का कुटं?" मी म्हनलं, "पाय मोडतोय." तिनं माज्या कुबड्यांकडं बगितलं आनि पाय लांब कराया जागा करून दिली.

सांगलीत पोचलो तर धाकटी पान्याची घागर घिऊन पायऱ्या चढत व्हती. डावा पाय वडत. मी खालनंच बोलले, "ठिव ती घागर!"

"आगं बया, आक्का! तू तर तीन पायाची झालीस."

"ठिव म्हनते न्हवं! आनि भिंतीला धरून उभी ऱ्हा."

लय भांडली. वखारीत खाडा हुतोय म्हनली, आदल्या सालचं दुखनं हाय म्हनली. सुनंनं घागर काढून घेतली आनि दोगींनी मिळून तिला रिक्षात घातली.

डाक्टर तरना व्हता. "आजी, गुडघा अजून दुखतोय का?"

"व्हय," धाकटी म्हनली, खाली बगून.

"गुडघा न्हवं," मी म्हनलं, "मांडी."

"आक्का!"

"मांडी, डाक्टरसायेब. खोटं बोलतीया ती. मीबी बोलले व्हते." आनि तिचं लुगडं मीच वर सारलं. डाग दावला. डाक्टर आधी बिब्ब्यावरनं चिडला, "हे असले चटके का घेता?" मंग त्या जागी अंगठा दाबला. धाकटी आशी किंचाळली की भायेरची मानसं आत डोकावली.

फोटू निगाला. हाड मोडलं न्हवतं. पर भायेरच्या अंगाला वाईच फुगल्यालं आनि त्यात केसावानी रेघ. डाक्टर लय येळ बगत बसला. मंग माज्याकडं वळला.

"तुमचं कसं मोडलं?"

"उभ्या उभ्या. आधी मोडलं, मंग पडले."

तो हसला न्हाई. पयला मानूस, ज्यानं मला फरशी इचारली न्हाई. "तुमच्या आईला असं काही होतं?"

आई लंगडायची. आनि तिचं दात तरनेपनीच गेलं व्हतं. दाताचं निगालं तवा सून म्हनली, "आमच्यात पोरांचं दुधाचं दातबी लय लौकर पडत्यात. मुळासकट येत्यात. शेनाच्या गोळ्यात घालून आमी कौलावर टाकतो."

आमी दोगी एकच गोळी घेतो, ह्येबी सांगितलं. डाक्टरनं पेन खाली ठेवला. "ही गोळी वाईट नाही. कितीतरी बायकांची हाडं तिनं वाचवलीत. पण तुमच्या घराण्याच्या हाडात काही वेगळं असेल, तर तुम्हाला ती सोसत नसेल. मला नक्की माहीत नाही. तोवर थांबवू. आणि आजी, आता या पायावर भार टाकायचा नाही. एक पाऊलसुद्धा."

"मंग घरी कशी जाऊ?" धाकटी म्हनली. "उडत?"

धाकटी त्या दिशी घरी गेलीच न्हाई. मोडायच्या आधीच तिच्या मांडीत सळई घातली. बरी झाल्यावर पुन्ना वखारीत बसली, हळकुंडं निवडली. पर पाय मोडला न्हाई.

लय वरसांनी नातवंडांचं रगात पुन्याला तपासलं, तवा कळलं. आमच्या रगातातच एक खोट हाय, आईकडनं आल्याली. ती आसंल तर हाड पिकत न्हाई नीट, कच्चंच ऱ्हातं, आनि आशा मानसाला ती गोळी उलटी पडती. घरातल्या घरात सोयरीक केल्यानं काय पोरांत ती दोनी अंगानं आलीया. सुनंनं आयकलं आनि माज्याकडं बगितलं. तिला मीच मागून आनली व्हती.

धाकटी हाय आजून. आता आमच्या घरात कुनी गुडघा दुखतोय म्हनलं की मी इस्वास ठेवत न्हाई. बाई आसू दे न्हाईतर बाप्या. म्हनते, हात लावून दाव. वर हाय का खाली?