पुरावाबाईंचं मतदान

शाळेत तोंडावर सगळे त्यांना बाई म्हणत आणि पाठ फिरली की पुरावाबाई. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडतही होतं. नववी-दहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला मुलं सहसा 'झोपेची गोळी' म्हणतात. त्या मानानं हे बरंच झालं म्हणायचं.

नाव पडलं ते त्यांच्या शिकवण्याच्या तऱ्हेमुळं. वर्षाच्या पहिल्याच तासाला बाई पाठ्यपुस्तक उचलून एका रिकाम्या खुर्चीवर ठेवायच्या आणि सांगायच्या, "हा साक्षीदार आहे. न्यायाधीश तुम्ही. याला विचारा, तुला हे कुणी सांगितलं? सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा होता? आणि कुणाला विचारायचं राहून गेलं?" मग वर्गात जो कलकलाट व्हायचा, तो शेजारच्या गणिताच्या तासाला असह्य व्हायचा. भिंतीवर पलीकडून थापा पडायच्या. बाई मुलांना म्हणायच्या, "पलीकडे उत्तरं ठरलेली आहेत, म्हणून शांतता आहे. आपली ठरायची आहेत."

दुसरं त्यांचं वेड मतदानाचं. खिडकीशी कुणी बसायचं, पंखा चालू ठेवायचा की बंद, चाचणी सोमवारी की शुक्रवारी, सगळं मतदानानं. बुटांच्या खोक्याला फट पाडून केलेली पेटी, घडी घातलेल्या चिठ्ठ्या, मोजायला दोन मुलं. नियम एकच, हरलेल्यानं तोंड वाकडं करायचं नाही. एकदा वर्गानं चाचणीच रद्द करून टाकली. बाईंनी तोही निकाल मानला. शिक्षकांच्या खोलीत त्यावर आठवडाभर हशा पिकला, पण बाई जागच्या हलल्या नाहीत. "आज चाचणी गेली तर जाऊ दे," त्या म्हणाल्या. "उद्या ही मुलं स्वतःचा निर्णय स्वतः घेतील."

घरी त्यांचे यजमान, चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात ज्यांचा जन्म गेला, ते हे सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुझ्या मुलांना लांबचं छान दिसायला लागलंय. जवळचं कोण दाखवणार?"

"तेही दाखवीन," बाई म्हणायच्या.

तशी संधी शाळेच्या वर्धापनदिनाला आली. त्या वर्षी मोठा समारंभ होता. शाळेला जागा देणाऱ्या संस्थापकांचा मुलगा आता संस्थेचा अध्यक्ष होता, आणि मागच्या मैदानावर तो बास्केटबॉलचं पक्कं मैदान बांधून देणार होता. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं, "शाळेचा इतिहास असं प्रदर्शन लावा. नववीला कामाला लावा. तुमच्याइतकं ते कुणाला जमणार?"

हे मुख्याध्यापक आणि बाई एकाच वर्षी नोकरीला लागलेले. पूर्वी शेजारच्या वर्गातून भिंतीवर थापा मारणारे गणिताचे मास्तर ते हेच. बाई हरखून गेल्या. मुलांना त्यांनी परिसरात सोडलं. म्हाताऱ्यांना भेटा, विचारा, ऐका, लिहून आणा.

मुलांनी आणलं ते बहुतेक गोडगोड. पहिली घंटा, पहिले शिपाई, गळणारं छप्पर. मग एक दिवस 'वकील' उभी राहिली. ही तिसऱ्या बाकावरची मुलगी. पाठ्यपुस्तकाची उलटतपासणी अशी घ्यायची की पोरांनी तिला वकीलच करून टाकलं होतं. ती म्हणाली, "बाई, माझी आजी सांगते, मागच्या मैदानावर त्यांची वस्ती होती. विटा पाडणारी माणसं राहायची. शाळा बांधायची म्हणून सगळ्यांना उठवलं. जागा कुणी दान दिलेली नाही."

बाईंच्या अंगावर काटा आला, आनंदाचाच. हेच तर त्या इतकी वर्षं शिकवत होत्या. तरी त्या सवयीनं म्हणाल्या, "एक साक्ष झाली. दुसरा पुरावा?"

वकिलानं तोही शोधला. एका निवृत्त बसचालकानं तीच हकीकत सांगितली, दोघांची एकमेकांशी ओळख नसताना. आणि तिसरा पुरावा तर मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागच्या भिंतीवरच टांगलेला होता. पायाभरणीचा फोटो. संस्थापक हातात थापी घेऊन उभे, आणि त्यांच्या खांद्यामागं, कोपऱ्यात, पत्र्याच्या छपरांची रांग. आजवर कितीजणांनी तो फोटो पाहिला असेल. छपरं कुणाला दिसली नव्हती.

वकिलानं मोठा तक्ता केला. 'शाळेच्या आधी इथे कोण होतं?' अक्षर सुरेख, भाषा साधी, कुणाला शिवी नाही की टोमणा नाही. बाईंनी एक शब्द बदलला नाही.

तक्ता पाहून मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, हे खरं असेलही. पण अध्यक्ष येणार आहेत. त्यांच्या वडिलांविषयी, त्यांच्यासमोर?"

"त्यांच्या वडिलांविषयी एकही वाक्य नाही यात. वस्तीविषयी आहे."

"ते वाचणाऱ्याला कळतं हो." मग अगदी सहज म्हणाले, "मी काढा म्हणणार नाही. तुम्ही सगळं मतदानानं ठरवता ना? घ्या मतदान. वर्गानं ठेवा म्हटलं तर राहील. माझा शब्द."

बाई खुशीत बाहेर पडल्या. आपल्या वर्गाविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. घरी येऊन त्या यजमानांना म्हणाल्या, "सरांना वाटतं मुलं घाबरतील. त्यांनी माझी मुलं पाहिलेली नाहीत."

"त्यांनी पालक पाहिलेत," यजमान म्हणाले. बाईंनी ते हसण्यावारी नेलं.

मतदान होईपर्यंत शाळेत एवढंच पसरलं की तक्ता राहिला तर अध्यक्ष नाराज होतील, आणि नाराज झाले तर बास्केटबॉलचं मैदान गेलं. कुणी पसरवलं ते कधीच कळलं नाही. धमकी कुणाला कुणी दिली नाही. त्याची गरजच पडली नाही.

पेटी आली. चिठ्ठ्या पडल्या. मोजणाऱ्या मुलाचा आवाज हळूहळू खाली जात गेला. तक्ता लावू नये, असं म्हणणाऱ्यांचा ढीग टेबलाच्या कडेपर्यंत आला होता. दुसऱ्या बाजूला वकिलाची चिठ्ठी आणि आणखी थोड्याशा. अक्षरांवरून कळत होतं, तिच्यासोबत म्हाताऱ्यांकडे हिंडलेल्या मैत्रिणीसुद्धा त्या बाजूला नव्हत्या.

वकील उभी राहिली. तिचं तोंड वाकडं झालेलं नव्हतं. "बाई," ती म्हणाली, "काय घडलं ते मतदानानं ठरतं का?"

बाईंना उत्तर माहीत होतं. ते एका शब्दाचं होतं. पण तो शब्द उच्चारला असता तर पेटी, चिठ्ठ्या, नियम, सगळं एका क्षणात नाटक ठरलं असतं, आणि वर्गानं विचारलं असतं की मग आम्हाला मत मागितलंत कशाला. आपण चुकीचा प्रश्न पेटीत टाकला, हे त्यांना तिथंच, उभ्या उभ्या कळलं. तसं कबूल करायला मात्र जीभ रेटली नाही.

"काय घडलं ते नाही ठरत," त्या म्हणाल्या. "काय लावायचं ते ठरतं."

वकील खाली बसली. तिनं तक्त्याची गुंडाळी केली आणि ती बाकाखाली ठेवली. त्या दिवसानंतर तिनं बाईंच्या तासाला हात वर केला नाही.

प्रदर्शन देखणं झालं. पायाभरणीचा फोटो मोठा करून दारातच लावला होता. मोठा करताना कडा थोड्या कापल्या गेल्या होत्या, आणि छपरांचा कोपरा त्यात गेला. फोटोवाल्यानं केलं की त्याला कुणी करायला लावलं, हे बाईंनी विचारलं नाही. पुरावाबाईंनी विचारलं नाही. अध्यक्षांनी त्यांचं व्यासपीठावर बोलावून कौतुक केलं. टाळ्या पडल्या. बाई हात जोडून उभ्या राहिल्या, आणि आपल्याला हसू येतंय याची त्यांना स्वतःलाच किळस आली.

खाली उतरल्या तर समोर एक म्हातारी, नीटनेटकी, हातात काठी. "तुम्ही आमच्या नातीच्या बाई ना? मी सांगितलेलं कुठं लावलंय? मघापासून शोधतेय."

बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. मग सांगणं भाग पडलं. "आजी, ते लावलं नाही. मुलांनी मत दिलं. जास्त मुलं नको म्हणाली."

त्यांना वाटलं, म्हातारी चिडेल. ती चिडली नाही. मान हलवून म्हणाली, "असं होय. मग तसंच झालं म्हणायचं."

"तसंच म्हणजे?"

"आम्हाला उठवलं तेव्हाही मोठी सभा घेतली होती की. शाळा पाहिजे त्यांनी हात वर करा म्हणाले. सगळा गाव जमलेला. आम्ही वस्तीतले एवढेसे. तेव्हा माझ्या धन्यानं वर केलेला हात बराच वेळ खाली घेतला नव्हता. त्याला समजलंच नाही की हात आपल्याच घरावर वर केलाय. शाळा पाहिजे का, म्हटल्यावर पाहिजेच की हो." ती थोडी हसली. "हे काही नातीनं विचारलं नव्हतं."

काय काय विचारायचं, ते नातीला बाईंनीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात ही सभेची हकीकत सांगितली. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मी त्या दिवशी मतदान घ्यायला नको होतं. ती माझी चूक." मागच्या बाकावरचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "पण बाई, निकाल तर लागलाय ना?" तो उद्धटपणे बोलला नव्हता. त्याला नियम पाठ होता. बाईंनी वकिलाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती, जिथं मैदानाच्या आखणीसाठी चुन्याच्या रेघा मारणं चाललं होतं.

ती गोष्ट एका पालकाकरवी अध्यक्षांपर्यंत गेली. मुख्याध्यापकांनी बाईंना चहा मागवला आणि पुढच्या वर्षीचं वेळापत्रक त्यांच्यापुढं सरकवलं. पाचवी-सहावीचा भूगोल. "नद्या, डोंगर, वारे," ते म्हणाले. "तुम्हालाही जरा विसावा मिळेल." इतक्या वर्षांची ओळख, पण ते नजरेला नजर देऊन बोलू शकले नाहीत. बाईंनी चहा तसाच ठेवला, वेळापत्रक मात्र उचललं. भांडल्या नाहीत. कोणत्या तोंडानं भांडायचं, हा त्यांचा स्वतःचाच प्रश्न होता.

निवृत्त होईपर्यंत त्यांनी भूगोल शिकवला, आणि चांगला शिकवला. नकाशे सुबक काढून घेतले. वर्गात शांतता असे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी एकदा शेरा दिला की शिस्त वाखाणण्याजोगी आहे. बुटांचं खोकं त्यांनी पुन्हा कधी आणलं नाही.

बऱ्याच वर्षांनी पाणीपट्टीच्या नावातली चूक दुरुस्त करायला त्या नगरपालिकेच्या कचेरीत गेल्या, तर खिडकीपलीकडं वकील बसलेली. अंगानं भरलेली, केस कापलेले, पण प्रश्न विचारताना वर जाणारी भुवई तशीच. तिनं बाईंना लगेच ओळखलं, उठून आत बोलावलं, खुर्ची दिली, काम चुटकीसरशी करून दिलं. आजी गेल्याचं सांगितलं. बोलण्यात आदर होता, सगळं कसं रीतसर होतं, आणि त्या आदरात शिरायला कुठं फट नव्हती.

उठताना बाईंना राहवलं नाही. "अजून प्रश्न विचारतेस की नाही?"

"विचारते की," ती म्हणाली. कागद नीट लावत, वर न बघता. "आधी खोलीत किती माणसं आहेत ते बघते. मग विचारते."

बाई घरी आल्या. यजमानांनी विचारलं, "झालं काम?"

"झालं. माझी एक विद्यार्थिनी आहे तिथं."

"हुशार होती?"

"मी शिकवलं तेव्हा होती," बाई म्हणाल्या आणि चपला काढायला भिंतीला टेकल्या. यजमानांनी दोनदा हाक मारली, मग ते स्वतःच पाणी आणायला उठले.