माझे चार दिवस, भावाचा डोळा

हे मी कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापुढेही नाही — देवापुढे हात जोडले की मी भलतंच काहीतरी मागत बसते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं.

माझा धाकटा भाऊ दिलीप शिवडीच्या गोदामातून ट्रेलर काढायचा. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला आणि परळच्या एका इस्पितळात त्याचा बोन मॅरो — हाडातला मगज — बदलावा लागला. तपासात जुळला तो माझाच. तोवर माझं कुणाशी काय जुळलं होतं? शाळा चौथीत सुटली, चार माणसांत बोलायचं म्हणजे घशाला कोरड. पण मगज दिला आणि लालबागच्या आमच्या चाळीत बायका मला नळावर पुढे जाऊ देऊ लागल्या. "भावाला दुसऱ्यांदा जन्म दिलास गं," म्हणायच्या. त्याचा रक्तगटसुद्धा बदलून माझा झाला. दिलीप म्हणायचा, "ताई, मला वांगं आवडायला लागलंय. तुझं रक्त लय आगाऊ आहे."

ते दिवस मला अजून धुक्यातून पाहिल्यासारखे दिसतात. मिरच्यांची देठं खुडत बसले की वाटायचं, मी एक इथे आहे आणि एक त्याच्या आत. तिकडची मी त्याच्या हातापायांतून अनवाणी फिरते आहे, नवं घर बघावं तसं हळूहळू बघते आहे. मी कधी सुखी होते का? तेव्हा होते.

मग त्याच्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागले. डॉक्टर म्हणाले, हा एक विषाणू आहे, बहुतेकांच्या अंगात तो निजलेलाच असतो. दिलीपचं नवं रक्त अजून कोवळं — त्याला तो आवरला नाही. जागा झाला आणि डोळ्यात शिरला. औषध दिलं, तर रक्तातल्या पेशीच कमी व्हायला लागल्या. तेव्हा तिथे एका नव्या उपचाराची चाचणी चालू होती. माझ्या पांढऱ्या पेशींमध्ये काही अशा होत्या, ज्यांची त्या विषाणूशी जुनी ओळख होती. तेवढ्याच वेचायच्या आणि दिलीपला द्यायच्या. "गुण येईलच असं मी सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "आम्ही अजून पडताळूनच बघतोय. पण उशीर नको."

दुसऱ्या दिवशी सुनंदा, दिलीपची बायको, मला न्यायला आली. मी दारातच, हळू आवाजात म्हटलं, "माझी अडचण आहे गं. चार दिवस जाऊ देत."

पाळी आली नव्हती. काहीच नव्हतं.

सुईला भ्याले का? नाही. मी भ्याले ते — कसं लिहू — या वेळी माझं रक्त हरलं तर? नळावर पुढे जा म्हणणाऱ्या त्याच बायका म्हणतील, हिच्या रक्तातच खोट. अजून थोडे दिवस तरी मला भावाला जन्म देणारी राहायचं होतं. भाऊ तिकडे डोळा चोळत होता, आणि मी माझा मान सांभाळत होते.

आमच्याकडे ही सबब कुणी पारखून बघत नाही. त्या दिवसांत आम्ही देवाला शिवत नाही, लोणच्याला हात लावत नाही, मग आजाऱ्याला रक्त कसं द्यायचं? सुनंदाला ते पटलंच. पण डॉक्टर पुरुष, त्यांना कसं सांगणार? तिने सांगितलं, ताई गावी गेल्यात. आणि मी घरात लोणच्याच्या बरणीपासून लांब राहिले. सोंग पुरं केलं.

पाचव्या दिवशी गेले. दोन्ही हातांत सुया, शेजारी यंत्र; माझं रक्त त्यात जात होतं आणि परत येत होतं. पुढे त्या पेशी दिलीपला चढवल्या. विषाणू दबला. दिलीप जगला. डावा डोळा मात्र तोवर गेला होता. ट्रेलर सुटला. आता तो त्याच गोदामाच्या फाटकावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या आत घेतो.

नंतर कधीतरी एका नर्सने सुनंदाला सांगितलं, पाळी असली तरी रक्त घेतात. त्या दिवसापासून ती स्वतःला दोष देते. आपण लाजलो नसतो, डॉक्टरांना खरं सांगितलं असतं, तर ते म्हणाले असते, आजच आणा त्यांना. चार दिवसांनी फरक पडला असता की नाही, हे सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. ती ऐकत नाही. माझ्यापाशी येऊन रडते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवते.

परवा काळाचौकीला दिलीपच्या घरी गेले होते. भाचीच्या पोटात दुखत होतं. दवाखान्यात बाई डॉक्टर नसते म्हणून ती जायला तयार नव्हती.

"बाप्या असला म्हणून काय झालं?" सुनंदा म्हणाली. "सगळं स्पष्ट सांगायचं. मी एकदा लाजले, तर तुझ्या बाबांचा डोळा गेला. विचार आत्याला."

पोरीने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "हो."