यादीतलं तिसरं नाव

“जागा रिकामी ठेवता येत नाही,” असं म्हणत बाई अंबाड्यात खोचलेला पेन काढायच्या आणि यादी उघडायच्या. कोहका वस्तीतल्या आमच्या शाळेत त्या पहिलीला शिकवत, मी वरच्या वर्गांना. एका बूथची मतदार यादी सांभाळायचं सरकारी काम त्यांच्याकडे, शेजारच्या बूथची माझ्याकडे. घरोघर फिरताना आम्ही बहुधा सोबतच असायचो.

त्या वर्षी आमच्या खासदारांनी मध्येच राजीनामा दिला आणि पोटनिवडणूक लागली. आत्ताच तर मत दिलं, आता पुन्हा कशाला, असं लोक दारातच विचारायचे. बाई न कंटाळता सांगायच्या, की सहा महिन्यांत नवा निवडावाच लागतो. मुदत संपायला वर्षही उरलं नसेल, तरच जागा तशीच रिकामी सोडतात. नवा पाच वर्षं राहणार का, असं एका म्हाताऱ्याने विचारलं.

“नाही, बाबा. गेलेल्याचे जेवढे दिवस उरले, तेवढेच त्याले भेटतात.”

मेलेल्यांची नावं काढण्यात मात्र त्या कडक होत्या. आमच्या भागातल्या एका शिंप्याचं सुपेल्याच्या बाजारात दुकान होतं. बायकोचं नाव राहू द्या, म्हणून तो विनवत होता. बाई त्याच्या दुकानात अर्धा तास बसल्या, चहा प्यायल्या आणि फॉर्मवर सही घेऊनच उठल्या. तिच्या नावावर दुसऱ्याच कोणी मत टाकलं तर चालेल का, एवढंच त्यांनी त्याला विचारलं होतं.

बाईंच्या एकुलत्या एक मुलीला त्याच वर्षी अठरा पूर्ण झाली होती. तिचं नाव यादीत बाईंनीच घातलं होतं. पोटनिवडणुकीत ती पहिलं मत देणार होती. पण मतदानाला दोन महिने असताना तिला डेंग्यू झाला आणि पाच दिवसांत ती गेली.

तेरावं झाल्यावर बाई शाळेत आल्या. यादीचं काम दुसऱ्याला देऊ, असं मुख्याध्यापक म्हणाले. बाईंनी नको म्हटलं.

नावं काढायची मुदत संपत आली. मी विषय काढला नाही. शेवटी बाईच माझ्याजवळ आल्या.

“सर, उद्या माह्या घरी या. मी लोकांले विचारते, तसंच मले विचारा.”

मी गेलो. त्यांचे यजमान पोलादाच्या प्लांटमध्ये पहिल्या पाळीला गेले होते. बाई दारातच उभ्या राहिल्या. घरात मतदार किती, मी विचारलं.

“दोन.”

“यादीत तीन आहेत.”

बाईंनी चौकट धरली. यादी तिथेच ठेवून निघून जावं, असं मला वाटलं.

“तिसरं काढून टाका,” त्या म्हणाल्या. “मले लिहिता येऊन नाही राहिलं. तुम्हीच लिहा.”

मी लिहिलं. त्यांनी सही केली. मग यादी हातात घेऊन मुलीचा तो छोटा, काळपट फोटो पाहत राहिल्या.

“मीच काढला होता, मोबाइलवर. हसू नको म्हटलं होतं तिले. नियम हाय ना.”

मतदानाच्या दिवशी बाई बूथबाहेर चिठ्ठ्या देत बसल्या होत्या. मुलीच्या तीन मैत्रिणी पहिल्यांदाच मत द्यायला आल्या. बाईंनी प्रत्येकीचं नाव शोधून दिलं, रांग दाखवली. त्या आत गेल्यावर बाई शाळेच्या नळाकडे गेल्या आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन परतल्या.

पुढच्या उन्हाळ्यात यजमान निवृत्त झाले, बाईंनी नोकरी सोडली आणि दोघं भंडाऱ्याकडच्या गावी गेली. त्यांचा बूथ माझ्याकडे आला. बंद घरातली नावं काढण्याआधी तीन वेळा जाऊन पाहायचं, असा नियम आहे. तिन्ही वेळा दाराला कुलूप होतं.

मग एका संध्याकाळी, त्या दोघांचे फॉर्म न भरताच, मी चौथ्यांदाही गेलो.