शिडीवरून दिसलेलं हैदराबाद

काचीगुडा स्टेशनवर उतरलो आणि लक्षात आलं, ब्रशांची पेटी डब्यातच राहिली. गाडी तोवर यार्डात गेली होती.

हैदराबाद राज्याची तीन शकलं व्हायची होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी नांदेडात दुकानांच्या पाट्या रंगवतो. मामा गेल्यापासून कमलमामी कोठीजवळच्या घरात मुलींना मराठी शिकवत होती. ‘वाटणीआधी दारावर पाटी लागू दे,’ असा तिने निरोप धाडला होता.

रिक्षातून भिंती पाहिल्या. तेलुगू, उर्दू घोषणा, हातभर उंच, घाईघाईने ओढलेल्या. अक्षरांतून रंग ओघळून सुकलेला. काही मराठी पाट्यांवर डांबर फासलेलं.

“रोज जुलूस निकलरे, साब,” रिक्षावाला म्हणाला. “गल्ली में नक्को फिरो.” (फिरू नका.)

मामीने भाकरी आणि गोंगुरा (आपली आंबाडी) केला होता. जेवताना मी सारखा दाराकडे पाहत होतो.

“घाबरलास?”

“नाही.”

“मी घाबरलेय रे. पण मुली येतात. त्यांच्या तोंडावर दार कसं लावू?”

ब्रश नव्हते, म्हणून तिने चुना द्यायचा कुंचा दिला. शिडीवर चढून दारावरच्या फळीवर ‘मुलींचा मराठी वर्ग’ लिहायला घेतलं. अक्षरं रांगडी उमटत होती, वेलांट्यांची टोकं फाटत होती. शेवटच्या शब्दाचा ‘व’ काढला आणि रस्त्याच्या टोकाकडून आरोळ्या आल्या. आत कविता म्हणणाऱ्या मुली खिडकीशी धावल्या.

जमाव दाराशीच थांबला. पुढच्या माणसाच्या हातात डांबराची बादली होती.

“क्या लिखरा तू? उतर!”

माझे पाय शिडीला खिळले. मामी उंबऱ्यात आली. “कायकू चिल्लारैं? अंदर बच्चियां हैं!”

तो बादली ठेवून शिडी चढू लागला. शिडी डगमगली. आता हा आपल्याला खाली लोटणार, म्हणून मी डोळे मिटले. त्याने कुंचा हिसकावला आणि माझ्या ओळीखाली तेलुगूत भराभर एक ओळ ओढली.

“क्या लिखे?” मामीने विचारलं.

“लड़कियों का स्कूल.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “दरवाजा लगा लो, अम्मा. पीछेवाले मेरी नै सुनते.”

मी उतरलो आणि आम्ही दार लावलं. शेजारच्या काचा फुटल्याचं आतून ऐकलं. एक चिमुरडी माझं धोतर घट्ट धरून उभी होती.

सकाळी मी निघताना मामी म्हणाली, “‘व’वर थांबलायस. पुरं कर.” रिकाम्या रस्त्यावर पुन्हा शिडी लावली आणि शब्द पुरा केला. रफार वाकडाच बसला. गल्लीतल्या बाकीच्या पाट्या काळ्या होत्या.

नांदेडला परतल्यावर सगळ्यांनी विचारलं, चारमिनार पाहिलास का? नाही पाहिला. मी पाहिलं ते एवढंच, की अक्षर काढताना माणसाची पाठ रस्त्याकडे असते. हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. आता शिडीवर चढलो की पहिली रेघ ओढण्याआधी मी मागे वळून पाहतो.