चोवीस फॉर्म आणि अन्वीचा मंगळवार

इंग्लंडात स्लाऊपासून बसने पंचवीस मिनिटांवर एक गाव आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण सुप्रभाताईंना तिथल्या प्रायमरी शाळेच्या ऑफिसात अजून सहा वर्षं नोकरी करायची आहे. एकोणीस वर्षं झालीच आहेत. गळ्यातल्या पट्ट्याला सहा किल्ल्या, चष्मा कपाळावर, आणि खिडकीची काच सरकवून विचारायचा ठरलेला प्रश्न: "फॉर्म भरलात का?"

सांगलीहून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी या देशाबद्दल एकच निष्कर्ष काढला, की इथे प्रत्येक दुःखाला एक फॉर्म असतो. तो शोधायचा, काळ्या शाईने भरायचा, सही करायची आणि पाठवायचा. शेजारणीचं मांजर हरवलं तेव्हा ती रडत बसली होती. ताईंनी तिच्या हातात पेन दिलं. त्यांचे यजमान मिलिंद हीथ्रो विमानतळावर सामान वाहणाऱ्या पट्ट्यांचे इंजिनिअर आहेत. ते म्हणतात, "लग्नाआधी हिने मला फॉर्म दिला नाही हे माझं नशीब. मी पात्र ठरलो नसतो."

यंदा मात्र ताईंचा जीव एका फॉर्मावर येऊन अडकला, आणि तो फॉर्म होता सात वर्षांच्या अन्वी वानखेडेचा.

त्याचं असं आहे. इथे कमी उत्पन्नाच्या घरातल्या प्रत्येक मुलामागे सरकार शाळेला दर वर्षी जादा पैसे देतं. त्यातून शाळा शिकवणीला माणूस ठेवते, सकाळी ब्रेकफास्ट देते, ट्रिपचा खर्च उचलते. पण कमी उत्पन्न कुणाचं, हे शाळेने कसं ओळखायचं? तर ज्याच्या आईवडिलांनी मोफत जेवणाचा फॉर्म भरला आणि तो मंजूर झाला, त्याचं. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी गणती होते. त्या दिवशी नावापुढे 'हो' असेल तर पैसे, नसेल तर नाही. थोडक्यात, पोट रिकामं असून चालत नाही, फॉर्म भरलेला लागतो.

त्यात आणखी एक मेख आहे. दुसरीपर्यंत सगळ्याच मुलांना जेवण फुकट मिळतं, त्यामुळे तोवर कुणी फॉर्म भरत नाही. अन्वी यंदा तिसरीत गेली आणि तिच्या दप्तरात डबा आला. डब्यात एका पोळीची जॅम लावलेली गुंडाळी. त्यातली अर्धी ती खायची आणि अर्धी परत ठेवायची. ताईंनी विचारलं तर म्हणाली, "माझा पोट छोटा आहे. आणि आई येते तेव्हा तिला भूक असतो."

आणि वाचन! अन्वी चित्र बघून अंदाजाने वाचायची. चित्रात कुत्रा असला की खाली काहीही लिहिलेलं असो, कुत्रा भुंकायचा. म्हणून ती दर मंगळवारी ब्रेंडाकडे बसायची. ब्रेंडा म्हणजे वाचनाला मदत करणारी बाई. वय साठ, आवाज मऊ, धीर अमर्याद. तिचा पगार याच जादा पैशांतून निघायचा. गेल्या वर्षी काही मुलं गाव सोडून गेली आणि पैसे आटले. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात हेडमास्तर कॉलिन ताईंना म्हणाले, "गणतीत एक तरी नाव वाढलं नाही, तर ख्रिसमसनंतर ब्रेंडाचा मंगळवार बंद करावा लागेल."

एक नाव. ताईंनी त्याच दिवशी अन्वीच्या वडिलांना, अंशुमनला, खिडकीशी गाठलं.

अंशुमन नागपूरचा. अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला. बायको ऋजुता इथे वृद्धाश्रमात केअरर, तिच्या व्हिसावर तो आलेला. आठ महिन्यांपूर्वी त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पण मराठी मंडळात तो अजून 'कन्सल्टिंग' करत होता. कोणाला कन्सल्ट करतो, ते कोणी विचारलं नाही. पुण्यामुंबईच्या चारशे लोकांत एवढी सभ्यता असते.

"ताई, आपल्याला फुकटचं नको."

"फुकट नाहीये ते. ऋजुता टॅक्स भरते ना?"

"ते ठीक आहे. पण व्हिसावर काय लिहिलंय माहितीय ना? पब्लिक फंड घ्यायचा नाही. उद्या होम ऑफिसच्या व्हिसावाल्यांनी विचारलं तर?"

"अरे, शाळेचं जेवण त्यात धरत नाहीत. तुमच्यासारख्यांसाठी वेगळा नियमच आहे. हे बघ." ताईंनी सरकारी वेबसाइटचे चार कागद छापून ठेवले होते, पिवळ्या मार्करने रंगवून.

अंशुमनने ते अदबीने वाचले आणि अदबीने परत दिले. "प्रिंटआउट तुमचा आहे ताई, व्हिसा माझा आहे."

त्यानंतर ताईंनी दोन आठवडे सर्व उपाय केले. समजावलं. रागावल्या. एकदा तर अन्वीच्या डब्याबद्दल बोलल्या. त्यावर तो एवढंच म्हणाला, "तिला जॅम आवडतो," आणि खाली बघत निघून गेला. घरी येऊन ताई मिलिंदना म्हणाल्या, "अहो, हा माणूस उपाशी राहील, पोरीला उपाशी ठेवील, पण पात्र ठरायला तयार नाही!"

"त्याला एकट्यालाच गरीब व्हायला सांगतेस तू," मिलिंद म्हणाले. "सगळ्यांना सांग, तोही होईल."

हे ते पेपर वाचता वाचता सहज बोलले. मिलिंदच्या सहज बोलण्याचे परिणाम पूर्वीही वाईट झाले आहेत, पण या वेळी ताईंच्या डोळ्यांत वीज चमकली.

यंदा गणपती उशिरा आले होते. मंडळाचा गणेशोत्सव शनिवारी, चर्चच्या हॉलमध्ये. आरती झाली, आणि प्रसादाच्या रांगेच्या तोंडाशी ताईंनी टेबल मांडलं. मोदकाच्या अलीकडे फॉर्म. "ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी सगळ्यांनी भरायचाय. फॉर्मॅलिटी आहे. पुढे सरका."

मराठी माणसाला मदत घ्यायची लाज वाटते, पण रांगेची लाज वाटत नाही. पुढचा भरतोय म्हटल्यावर मागचा पेन शोधू लागला. सुश्रुत जोशी, लंडनच्या एका बँकेत व्हाइस प्रेसिडेंट. त्याने उत्पन्नाच्या रकान्यात पगार, बोनस आणि शेअर्स असे तीन भाग पाडले, बेरीज केली आणि खाली दोन रेघा मारल्या. मधुमतीकाकूंचं वय एकाहत्तर, त्यांची मुलगी मँचेस्टरला डॉक्टर. त्यांनी 'मुलाची इयत्ता' यापुढे 'कन्सल्टंट' असं लिहिलं.

"काकू, तुम्ही कशाला?"

"सगळे भरतायत ना गं? मग? नंतर म्हणाल, काकू राहिल्या."

आणि त्या रांगेत, काकूंच्या मागे, अंशुमन होता. त्याने फॉर्म घेतला, इकडेतिकडे पाहिलं. सुश्रुत भरतोय, मंडळाची अध्यक्ष वरदा भरतेय. त्याने भरला. सही केली. मोदक घेतला. संध्याकाळी ऋजुताने पगाराच्या स्लिपांचे फोटो ताईंना पाठवले आणि खाली लिहिलं, "थँक यू ताई. याला सांगू नका मी लगेच पाठवले ते."

रविवारी ताईंनी जेवणाच्या टेबलावर फॉर्म लावले. एकूण चोवीस.

मिलिंद म्हणाले, "अन्वीचा तेवढा पाठव. बाकीचे रिसायकलिंगमध्ये."

"सही केलेले कागद आहेत ते!"

"अगं, त्यात एक व्हाइस प्रेसिडेंट आहे."

"असू दे. लोकांनी विश्वासाने दिलेत. एकोणीस वर्षांत मी सही केलेला एक फॉर्म टाकलेला नाही." आणि त्यांनी तेवीस खोटे गरीब आणि एक खरा, सगळे आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने नीट लावले, कडा जुळवल्या, एका पाकिटात घातले आणि सोमवारी सकाळी स्वतः कौन्सिलच्या काउंटरवर देऊन आल्या. गणतीला दहा दिवस होते. एरवी असा फॉर्म चार दिवसांत सुटतो.

शुक्रवारी काही आलं नाही. पुढच्या सोमवारी ताईंनी फोन केला. पलीकडे ट्रेसी नावाची बाई होती. इतकी प्रेमळ, की ताईंना धड चिडताही येईना.

"अन्वी वानखेडे? थांबा हं, लव्ह. तुमचा तो मोठा गठ्ठा ना? हे सगळे फॉर्म हाताने तपासावे लागतात, प्रत्येकाला उत्तर लिहावं लागतं. आम्ही आता 'जे' अक्षरावर आहोत."

मंगळवारी ताईंनी पुन्हा फोन केला.

"अजून 'जे'वरच. तुमच्याकडे जोशी किती आहेत?"

"सात," ताई म्हणाल्या.

"सगळे एकाच घरातले का?"

"नाही! एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत! अहो ट्रेसी, तुम्ही सरळ शेवटचा कागद काढा ना. डब्ल्यू. अगदी तळाशी आहे."

"नाही काढता येत, लव्ह. एक पाकीट म्हणजे एक गठ्ठा, आणि गठ्ठा क्रमाने. तुम्ही वेगळा दिला असता तर त्याच दिवशी केला असता. पण काय सुंदर लावलेत हो तुम्ही! असं कुणी लावत नाही."

बुधवारी 'के' लागला. कुलकर्णी पाच होते.

गुरुवारी ट्रेसी पाटलांपर्यंत पोचली होती. तीन वाजता ताईंनी गणतीचा तक्ता उघडला. अन्वी वानखेडे, पुढे 'नाही'. कॉलिन मागे येऊन उभे राहिले. खोटं 'हो' लिहायला एक बोट पुरलं असतं, पण ताई तशा नाहीत आणि कॉलिनही नाहीत. बटण दाबलं गेलं.

मंजुरीचं पत्र पुढच्या मंगळवारी आलं. बुधवारी अन्वीच्या ताटात पास्ता, वाटाणे आणि जेली होती. तिने सगळं संपवलं आणि दुसऱ्यांदा वाटाणे मागितले. छोट्या पोटाची गोष्ट तिथेच संपली.

इकडे मंडळाच्या ग्रुपवर नकाराच्या पत्रांचा पाऊस सुरू झाला. "रिजेक्टेड!" सुश्रुतने लिहिलं, सोबत हसणारे सहा चेहरे. "आम्ही पण!" वरदा. मधुमतीकाकूंनी पत्राचा फोटोच टाकला आणि खाली नमस्काराचे हात. एकोणीस जणांनी अभिमानाने आपण नाकारलो गेल्याचं कळवलं. विसाव्या क्रमांकावर अंशुमनचा मेसेज होता. "सेम हिअर. रिजेक्टेड."

दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी आला.

"ताई, मी ग्रुपवर..."

"वाचलं मी."

"सांभाळून घ्या."

"माझ्या तोंडून जाणार नाही." ताईंनी काच पूर्ण सरकवली. "पण तुला एक सांगायचंय. जेवण मिळालं. मंगळवार गेला."

"म्हणजे?"

ताईंनी सांगितलं. गणती, ब्रेंडा, ख्रिसमस. त्याला वाटत होतं फॉर्म म्हणजे ताटलीभर पास्ता; शाळेचं त्यात काही आहे हे त्याच्या कानावरून चार वेळा गेलं होतं, पण व्हिसाच्या भीतीपुढे आत शिरलं नव्हतं.

"मग आता?"

"आता पुढच्या ऑक्टोबरात. पैसे त्याच्याही नंतर. तोवर ती नऊ वर्षांची होईल."

"मी पहिल्या दिवशीच सही केली असती तर..."

ताईंना हे वाक्य महिनाभर त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी त्यांनी उत्तरंही तयार ठेवली होती, चांगली झोंबणारी. पण आता त्यांतलं एकही वापरता येईना.

"तू पहिल्या दिवशी सही केली असतीस तर," त्या म्हणाल्या, "आणि मी पाकिटात एकच कागद घातला असता तर. सात जोशी पाठवले मी, अंशुमन! सात!"

तो हसला नाही. "घरी मी घेऊ का तिचं वाचन?"

"घे. रोज वीस मिनिटं. आणि चित्रावर हात ठेव, नाहीतर कुत्रा भुंकतो."

तो गेला. तेवढ्यात फोन वाजला. सुश्रुत.

"सुप्रभाताई, त्या पत्राच्या खाली लिहिलंय, निर्णय मान्य नसेल तर अपील करता येतं. त्याचा वेगळा फॉर्म असतो म्हणे. नाही, मला पैसे नकोयत हो! पण त्यांनी माझ्या शेअर्सची बेरीज चुकवलीय. तत्त्वाचा प्रश्न आहे. आम्ही सातही जोशी करणार आहोत. पाठवता का?"

ताईंच्या डाव्या हाताच्या खणात अपिलाचे फॉर्म होते. चाळीसेक असतील, कडा जुळवून ठेवलेले.

"सुश्रुत," त्या म्हणाल्या, "फॉर्म संपलेत," आणि खण गुडघ्याने आत ढकलला.