श्रद्धांजली वाहिलेली ओगिन

ओरिए कुसुदा सकाळी आधी सरड्यांची विचारपूस करते, मग माणसांची. रातकिड्यांचा डबा मांडीवर घेऊन ट्रामने येते. भाताच्या गोळ्यातलं खारवलेलं ऊमे फळ शेवटासाठी बाजूला काढते आणि विसरते. नळीत थेंब सोडताना श्वास रोखते. शेजारचेही नकळत रोखतात.

चिज़ुरु साहित्याची पदवी घेऊन कागोशिमाच्या या प्रयोगशाळेत कार्यालयीन कामाला लागली आणि ओरिएची मैत्रीण झाली. तेव्हापासून ती थक्कच आहे.

बेटागणिक कानाहेबी सरडे वेगळे कसे होत गेले, हे शोधायला एका मादीचा संपूर्ण जनुकसंच वाचायचा होता. त्यासाठी डीएनएचे लांब, अखंड धागे हवेत. बोटभर जिवातून ते पुरेसे मिळवायचे, तर त्याला मारावं लागतं. निवड झाली ओगिनची. तिला ओरिएनेच पकडलं, वाढवलं होतं. मारायचंही तिनेच.

प्रयोगात गेलेल्या प्राण्यांसाठी दर शरदात आवारातल्या दगडापुढे शेवंती वाहून प्रयोगशाळेचे प्रमुख, सेन्सेई, नावं वाचत. ओगिन जाणार होती यंदाच्या श्रद्धांजलीनंतरच्या आठवड्यात. तिला वर्षभर ताटकळत कशाला ठेवायचं, म्हणून ओरिएने तिचं नाव यादीत आधीच घालायला लावलं.

"ओरिएसान, ती आत्ता जेवतेय," चिज़ुरु कुजबुजली.

"हळू बोल. तिला अजून सांगितलेलं नाही."

ठरल्या दिवशी ओरिएने पेटीत हात घातला. ओगिनने शेपटी तिच्या तळहातावर टाकली आणि कपाटामागे धूम ठोकली. शेपटी वळवळत राहिली. ओरिए तिच्याकडेच बघत बसली.

"सेन्सेई, हिच्यात मांस आहे."

"चिमूटभर. धागे तुटके निघाले तर?"

"तर ओगिनला मीच धरून आणीन."

तिने शेपटी ताजी असतानाच गोठवली, ओगिनला कपाटामागून पेटीत परत आणलं. पुढचे दिवस ती नळ्यांवरच वाकलेली होती. धागे निघाले, लांबच लांब. यंत्र वाचत सुटलं, आणि ओरिए खुर्चीत बसून मुसमुसत हसली.

"कुसुदासान, मग ही गेली की आहे?" सेन्सेईंनी विचारलं.

"श्रद्धांजली पोचली, सेन्सेई. तिची भूक वाढलीये."

जिचा जनुकसंच वाचला, तिचा देह संग्रहालयात ठेवायची रीत आहे. बाटली धुऊन तयार आहे. लेबल ओरिएने सुबक अक्षरात लिहिलंय: जात, मादी, सापडली ती जागा. मृत्यूची तारीख तेवढी राहिली.

"भरतेस ना?" चिज़ुरु अधूनमधून टोचते.

"भरते गं," म्हणत ओरिए आखूड नव्या शेपटीच्या ओगिनला कोळी भरवते. रकाना कोराच आहे.